अश्रूंची साक्ष

अश्रूंविषयी कवींनी पुष्कळ लिहिले. शास्त्रज्ञांनी त्यांची दखल जरा उशिराच घेतली. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लायसोझाइम या जिवाणुनाशक प्रथिनाचे वर्णन केले. लिंबाच्या साहाय्याने डोळ्यांतून पाणी काढून त्यांनी ते अश्रूंतही तपासले होते. पेनिसिलिन त्यानंतर सहा वर्षांनी आले.

पुढे अश्रूंतील इतर रक्षकही कळत गेले. लॅक्टोफेरिन जिवाणूंना लागणारे लोह बांधून ठेवते. इम्युनोग्लोब्युलिन-ए त्यांना पृष्ठभागावर चिकटू देत नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीने ही यादी फारच वाढवली. २००६ च्या एका अभ्यासात अश्रूंत ४९१ प्रथिने ओळखली गेली, तर २०१२ मध्ये १,५४३. त्यांत प्रथिने तोडणारी विकरे आणि त्यांना आवर घालणारी प्रथिनेही बरीच आहेत.

या दोहोंच्या समतोलावरच दृष्टी अवलंबून असते. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंचा संसर्ग झाला की न्यूट्रोफिल पेशी तेथे धाव घेतात. त्यांतील कॅल्प्रोटेक्टिन जिवाणूंना लागणारे जस्त व मँगनीज बांधून ठेवते. पण त्यांचेच इलास्टेज आणि एमएमपी-९ पारपटलातील कोलॅजनही विरघळवतात. जंतू मरतात, व्रण भरतो, आणि मागे फूल उरते.

मग प्रतिकाराला स्टिरॉइडने लगाम घालावा काय? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५०० रुग्णांवरील स्कट चाचणीत प्रतिजैविकासोबत स्टिरॉइड दिल्याने तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकंदरीत फरक आढळला नाही. कोणाला, केव्हा लगाम घालावा, याचा निर्णय रुग्णागणिक घ्यावा लागतो. अश्रूंतील प्रथिनांचा आलेख त्या निर्णयाला आधार देऊ शकेल, अशी आशा संशोधकांना आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या पद्धतीचे विशेष अप्रूप वाटते. लहान मूल आपली वेदना नेमकी सांगू शकत नाही. येथे मात्र सुई न टोचता, कागदी पट्टीवर टिपलेले काही मायक्रोलिटर अश्रू पुरतात.

ही तपासणी नित्य व्यवहारात येईल तेव्हा येईल. तोवर पालकांना एवढेच सांगणे आहे : मुलाचा डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. मध, दूध वा दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब डोळ्यांत मुळीच घालू नयेत.