संगणकावरील मराठी अक्षर आणि प्रमाणाचा आग्रह

पायली, शेर व मण ही मापे प्रचारात होती, तेव्हा एका बाजारातील पायली दुसऱ्या बाजारातील पायलीशी जुळेलच असे नसे. ज्या त्या गावास आपले माप सोयीचे वाटे. अडचण येई ती धान्य गावाबाहेर जाताना. १९५६ च्या कायद्यानंतर देशात टप्प्याटप्प्याने दशमान मापे आली आणि हा गोंधळ मिटला. संगणकावरील मराठी लेखनाबाबत व संकेतस्थळांच्या रचनेबाबत असाच वाद बरीच वर्षे चालत आला आहे. पटावरील नावे संगणकात भरणाऱ्या व शाळेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकांस त्याचे स्वरूप ठाऊक असणे अगत्याचे आहे.

संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हा संकेत सर्वांनी मिळून ठरवावा लागतो. प्रारंभी असा सर्वमान्य संकेत इंग्रजी अक्षरांपुरताच होता. म्हणून मराठी छपाईसाठी एक युक्ती योजण्यात आली. अंक इंग्रजी अक्षराचाच ठेवावयाचा आणि पडद्यावर मात्र त्या जागी देवनागरी आकृती दाखवावयाची. कृतिदेव या टंकात ‘जालना’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या स्मरणात टी, के, वाय, यू, के ही पाच इंग्रजी अक्षरेच राहतात. तो टंक ज्या संगणकावर नसेल, तेथे वाचकास तीच पाच अक्षरे दिसतात.

१९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हा संकेत प्रमाण ठरविला. त्याच वर्षी जगातील लिपींसाठी योजिलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे झालेली आहे. युनिकोडमध्ये ‘ज’चा अंक २३३२ व ‘ल’चा २३५४, तो जालन्यात, मुंबईत वा परदेशात एकच.

असे असता वाद कशाचा? जुन्या टंकांचा पक्ष घेणारे केवळ हट्टी होते असे नव्हे. मुद्रणालयांतील साधने व कर्मचाऱ्यांचा सराव जुन्या टंकांचा होता. पृष्ठे जुळविण्याच्या कित्येक प्रणालींना युनिकोड देवनागरी दीर्घकाळ नीट उमटविता येत नसे. शिवाय प्रमाणही प्रथम अपुरेच होते. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये.

परदेशातही हेच घडले. संकेतस्थळांचे नियम ठरविण्यासाठी टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्था स्थापिली. तथापि नेटस्केप व इंटरनेट एक्स्प्लोरर या स्पर्धक प्रणालींनी आपापल्या खास खुणा प्रचारात आणल्या, आणि ‘हे पृष्ठ अमुक प्रणालीतच पाहावे’ अशा सूचना झळकू लागल्या. प्रमाणाची वाट पाहिल्यास सुधारणा खुंटते, असा एक पक्ष होता. सर्वांस वाचता येत नाही ती सुधारणाच नव्हे, असा दुसरा.

शाळेच्या दृष्टीने दुसरा पक्षच ग्राह्य आहे. ‘माझ्या पडद्यावर ठीक दिसते’ एवढे पुरेसे नाही. अंध विद्यार्थ्यास मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली आकृती पाहत नाही, अंक वाचते. जुन्या टंकातील धडा तिच्या तोंडून निरर्थक इंग्रजी अक्षरे होऊन बाहेर पडतो. विद्यार्थ्याचे नाव शोधू जाता सापडत नाही. नावांची यादी वर्णक्रमाने लागत नाही. दहा वर्षांनी दाखल्यासाठी आलेल्या मुलाची नोंद असूनही नसल्यासारखी होते.

यास्तव शिक्षकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. सर्व लेखन युनिकोडमध्ये करावे. ‘ॲ’ हे अक्षर ‘अ’वर चंद्र देऊन न बनविता त्याच्या स्वतंत्र कळीने उमटवावे; अन्यथा दिसण्यात सारखे असलेले दोन शब्द संगणक निराळे मानतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, हा भेद संगणकावरही राखावा. मथळा केवळ ठळक न करता मथळा म्हणून नोंदवावा, आणि प्रत्येक चित्रासोबत त्याचे शब्दांत वर्णन द्यावे. जुन्या टंकातील याद्या रूपांतरित केल्यावर प्रत्येक नाव मूळ नोंदवहीशी पडताळावे. जोडाक्षरे व रफार यांत चुका विशेष राहतात. अखेरीस ते पृष्ठ दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे.

फळ्यावरील अक्षर शेवटच्या बाकावरील मुलास दिसते की नाही, हे प्रत्येक चांगला शिक्षक मागे जाऊन पाहतो. संकेतस्थळाच्या बाबतीत प्रमाण पाळणे म्हणजे तेच होय.