विश्लेषण : नॅसकार शर्यतीतील ‘क्रू चीफ’ नेमके काय करतो?

अमेरिकेतील नॅसकार शर्यतींत जिमी जॉन्सनने सात अजिंक्यपदे पटकावली. २००६ ते २०१० सलग पाच, मग २०१३ आणि २०१६. सातही वेळा त्याच्या ४८ क्रमांकाच्या मोटारीचा क्रू चीफ एकच होता, चॅड कनाउस.

काम काय?

मोटार कशी बांधायची, पिटमध्ये कधी बोलवायचे, टायर दोन बदलायचे की चार, हे क्रू चीफ ठरवतो. चालक रेडिओवर इतकेच सांगतो, मागची बाजू सुटते आहे किंवा पुढची वळत नाही. त्यावर मागच्या काचेतील छिद्रातून पाना घालून स्प्रिंगवरचा दाब बदलला जातो आणि चाकांवरचे वजन नव्याने विभागले जाते. लंबगोल ट्रॅकवर मोटार फक्त डावीकडे वळते, म्हणून तिची डावी-उजवी बाजू सारखी नसतेच. (चारही चाकांवर समान भार धरून गणिते सोडवलेल्या आम्हा इंजिनीअरांना हे पचायला जड जाते.)

वाद कशामुळे?

रॉकफर्डचा कनाउस नव्वदच्या दशकात जेफ गॉर्डनच्या संघात रे एव्हरनहॅमच्या हाताखाली तयार झाला. २००२ पासून तो जॉन्सनबरोबर होता. २००५ अखेर दोघांचे इतके बिनसले, की संघमालक रिक हेंड्रिकने बैठकीत त्यांच्यापुढे दूध आणि कुकीज ठेवल्या. भांडण पोरांसारखे, तर खाऊही तसाच! जोडी टिकली.

लगेच २००६ च्या डेटोनात मागच्या काचेतील बेकायदा फेरफार सापडला आणि कनाउसची घरी रवानगी झाली. बंदी चार शर्यतींची होती. डॅरियन ग्रबने सूत्रे घेतली आणि जॉन्सनने डेटोना ५०० सह त्यातल्या दोन जिंकल्या. मग कनाउसचे श्रेय किती? टीकाकारांचा हा प्रश्न रास्त आहे. पण बदली माणसालाही जिंकता येईल असा संघ त्यानेच उभा केला होता, हेही खरे. २००७ मध्ये पुन्हा सहा शर्यतींची बंदी आली. २०१२ मधली बंदी मात्र अपिलात उठली, दंड कायम राहिला.

निर्दयपणाही होताच. नोव्हेंबर २०१० मध्ये टेक्सासला पिटमधली माणसे चुकत होती. अपघातामुळे गॉर्डन बाहेर पडताच कनाउसने भर शर्यतीत त्याचे पथक आपल्या मोटारीसाठी घेतले. दोन शर्यतींनंतर पाचवे अजिंक्यपद आले.

२०१८ मोसम विजयाविना गेला आणि जोडी फुटली. त्यानंतर जॉन्सनला नॅसकार कपमध्ये एकही शर्यत जिंकता आली नाही. २०२० मध्ये विल्यम बायरनने डेटोनात आपला पहिला कप विजय मिळवला, तेव्हा त्याचा क्रू चीफ कनाउस होता.