चौदा तासांचं विमान

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असं कुणी विचारलं की आपण नकाशावर पट्टी ठेवतो. मीही ठेवली होती. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी नऊ वाजता जुन्नरच्या घरी अम्मी गेली. धाकटा भाऊ न्यू जर्सीत. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. मामू मला म्हणाले, "तू बी. ए. झालेला. हिशेब करून सांग, तो कधी पोचेल?"

मुलाचा शाळेचा अ‍ॅटलास काढला. माझी रेघ अरबस्तान आणि सहारा ओलांडून गेली. विमानाची वाट मात्र तिथून नसते. कागद सपाट, पृथ्वी गोल. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो आपोआप उत्तरेला सरकतो. कझाकस्तानवरून, सेंट पीटर्सबर्गजवळून, आइसलंडवरून तो ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी येतो. ही सर्वांत जवळची वाट, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर सव्वाचौदा हजारांच्या आसपास पडतात! अर्थात वैमानिकही दोरा तंतोतंत धरत नाही. वारा पाहतो, कुणाचं आकाश बंद आहे ते पाहतो. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा त्यांना वळसे पडले.

ताशी नऊशेच्या वेगानं चौदा तास. येताना दहाएक किलोमीटर उंचीवरचा पश्चिमेकडचा जोरदार वारा पाठीशी असतो. जाताना तोच अंगावर येतो आणि दीड-दोन तास जास्त लागतात.

भावानं फोनवर वेळा सांगितल्या. न्यूअर्कहून रात्री साडेआठला सुटणार, मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्री सव्वानऊला. मामू म्हणाले, "म्हणजे पुरा एक दिवस!" तसं नव्हे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्या साडेदहा तास पुढं. पावणेपंचवीसातून साडेदहा वजा केले, सव्वाचौदा उरले.

पण खरा हिशेब पुढंच होता. आपले सकाळचे नऊ म्हणजे तिकडे मंगळवारचे रात्रीचे साडेदहा. त्या दिवशीचं विमान दोन तासांपूर्वीच निघून गेलेलं. पुढचं बुधवारी रात्री, म्हणजे आपल्या गुरुवारी सकाळी सातला. मुंबईत उतरणार गुरुवारी रात्री. मग पासपोर्टची रांग, सामान, कल्याण, मुरबाड आणि रात्रीचा माळशेज घाट. सगळं जोडलं तर अम्मी गेल्यापासून बेचाळीस तास. मी आकडा सांगितला. मामू बराच वेळ काही बोलले नाहीत.

"भाईजान, निघू ना?" भावानं विचारलं. "नीघ," म्हणालो. "पण आम्ही थांबत नाही."

असरच्या नमाजानंतर अम्मीला दफन केलं. शुक्रवारी पहाटे तीनला त्याची गाडी गावात आली. तो घरी आलाच नाही, आधी कब्रस्तानात गेला. मी बॅटरी घेऊन मागं गेलो.