पार्टीची चौकशी आणि शाळेचा संगणक

नव्या पार्टीने उधारीवर माल मागितला की कापडबाजारात एक रीत आहे. तुमचा व्यवहार कसा आहे, असे त्या पार्टीलाच कोणी विचारीत नाही. ती चांगलाच सांगणार. तिला आधी ज्यांनी माल दिला त्यांना विचारतात, दलालाला विचारतात, ट्रान्सपोर्टवाल्याला विचारतात. तिन्हीकडून एकच उत्तर आले तर माल सुटतो. मालेगावात आम्ही तीस वर्षे हाच धंदा करीत आहोत. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. पण ही रीत शाळेत नव्हे, वालिदसाहेबांच्या गादीवर बसून शिकलो.

तरीही गेल्या वर्षी आम्ही फसलो, आणि वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून तो किस्सा सांगतो.

फोनवर ऑर्डर आली. पार्टी स्वतःला इंदूरची म्हणवीत होती. भावात घासाघीस नाही, उधारीची भाषा नाही. (खरे तर इथेच आमचे कान उभे राहायला हवे होते.) दुपारी आम्ही घरी जेवायला गेलो असता टेम्पो आला. पाठोपाठ दुकानाच्या मोबाईलवर पैसे भरल्याचे चित्र आले: हिरवी खूण, रक्कम 46,000 रुपये, खाली बारा आकडी नंबर. गादीवर आमचा पुतण्या होता. बारावी झालेला, कॉम्प्युटरचा कोर्स पास. त्याने चित्र पाहिले आणि माल सोडला.

संध्याकाळी बँकेचे खाते पाहिले तर एक पैसाही जमा नव्हता. मग त्या पार्टीने बिलासाठी दिलेला जीएसटी नंबर काढला. हा नंबर पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा पॅनची. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, गुजरातचा 24 ने, मध्य प्रदेशचा 23 ने. इंदूरच्या या पार्टीचा नंबर सुरू होत होता 09 ने, म्हणजे उत्तर प्रदेशचा! जीएसटीच्या सरकारी साइटवर कोणताही नंबर टाकला की फर्मचे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसते. या नंबरची नोंदणी केव्हाच रद्द झालेली होती. हे सारे पाहायला दोन मिनिटे लागली. ती दोन मिनिटे दुपारी खर्च केली असती तर 46,000 वाचले असते. 1930 वर फोन केला, तक्रार नोंदवली गेली. माल मिळाला नाही.

पुतण्याला आम्ही फार बोललो. तो खाली मान घालून म्हणाला, "बडे अब्बा, कोर्समध्ये मला टाईप करायला शिकवलं, टेबल बनवायला शिकवलं. समोर आलेलं खरं की खोटं ते कसं बघायचं, हे कोणी शिकवलंच नाही."

त्याचे म्हणणे आमच्या मनात राहून गेले. कारण त्याच सुमारास आमच्या जुन्या शाळेत संगणक-कक्षासाठी माजी विद्यार्थ्यांकडून रक्कम जमा होत होती आणि दहा नवे संगणक घ्यावेत असे ठरत आले होते. कमिटीत आम्ही विचारले की, संगणकाच्या तासाला मुले काय शिकतात? उत्तर मिळाले: यंत्राच्या भागांची नावे, टायपिंग, चित्र रंगवणे. यात वाईट काही नाही. पण हातमाग चालवता येणे आणि कापड पारखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विज्ञानाच्या सरांनी आम्हाला एका शनिवारी नववीच्या वर्गावर बोलावले. एक संगणक, एक प्रोजेक्टर, आणि भिंतीवर तेच हिरव्या खुणेचे चित्र. माल कोण कोण सोडेल, असे विचारले. बहुतेक सगळे हात वर. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील लूमवर आहेत. ती म्हणाली, "हे चित्र तर त्यांनीच पाठवलंय. माझे अब्बा पगाराचा हिशेब सेठच्या वहीत बघत नाहीत, स्वतःच्या वहीत बघतात." वर्ग हसला; आम्ही मात्र गप्प झालो. तीस वर्षांच्या व्यापाऱ्याच्या दुकानात जे सुचले नाही ते या पोरीला एका क्षणात सुचले होते.

यावर अमेरिकेत रीतसर अभ्यास झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 45 जणांना संगणकापुढे बसवून काही वेबसाइटींची पारख करायला लावली. त्यांत 10 पीएच.डी. झालेले इतिहासकार, 25 विद्यार्थी आणि 10 जण बातम्यांची सत्यता तपासण्याचा पेशा करणारे. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच साइटवर रेंगाळले. तिची सजावट, तिचे रुबाबदार नाव पाहून पुष्कळदा फसले. पेशेवाल्यांनी ती साइट लगेच बाजूला ठेवली आणि हिच्याविषयी दुसरे काय म्हणतात ते शोधले. कमी वेळात त्यांचा निर्णय बरोबर आला. वाचकहो, ही आपली पार्टीची चौकशीच नव्हे काय?

आपल्या देशातही हे वर्गात शिकवून झालेले आहे. केरळातील कन्नूर जिल्ह्यात लसीकरणाविषयी मोबाईलवरून अफवा पसरल्या, पालक मुलांना लस देईनात. तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे 150 सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू केले. केरळला हे जमले, कारण तेथे शाळांत संगणक-शिक्षणाची सरकारी योजना 2001 पासून चालू होती. नवीन होते ते शिकवण्याचे काय, एवढेच.

आपल्याकडे गरज कमी आहे असे कोणी म्हणू नये. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच निरपराध भटक्यांना जमावाने ठार मारले. त्याच दिवशी आमच्या मालेगावातही अशाच संशयाने पाच जणांना जमावाने घेरले होते. त्यांत एक लहान मूल होते. पोलिसांनी त्यांना वाचवले. तिथे 46,000 रुपयांचा प्रश्न नव्हता.

कमिटीत हरकती आल्याच. अभ्यासक्रम पुरा होत नाही, परीक्षेत याला गुण नाहीत, मुलांना आणखी मोबाईल दाखवायचा का? शेवटची हरकत आम्हाला पटत नाही, कारण मोबाईल ती घरी बघतातच; शाळेत निदान शेजारी शिक्षक असतो. गुणांची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर आमच्याकडे उत्तर नाही. बरीच चर्चा होऊन दहाऐवजी चार संगणक, एक प्रोजेक्टर आणि चांगले इंटरनेट घ्यायचे ठरले. नववीला आठवड्यातून एक तास मिळाला. सरांची तक्रार अशी की, या विषयावर उर्दूत धड्यासारखे काही तयार मिळत नाही. म्हणून मुलेच इंग्रजी-मराठीतून उतरवून वह्या करीत आहेत.

या तासाला खरा माल बाजारातूनच मिळतो. बनावट पावत्या, पिन टाका म्हणजे पैसे मिळतील असे सांगणारे संदेश (पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही), रद्द झालेल्या फर्मची बिले. व्यापारी बांधवांनी असे कागद फेकून न देता नावे आणि नंबर कापून आपापल्या मोहल्ल्यातील शाळेत द्यावेत. आम्ही पहिला कागद दिला तो त्या हिरव्या खुणेचा. पुतण्याच तो घेऊन गेला, आणि सरांनी त्याला तासभर वर्गात बसवून घेतले.