काळी, पांढरी आणि राख

परळीहून बीडला निघालं आणि पांगरी मागे पडली, की पुढे सिरसाळा लागतं. कुणी सिरसाळा लिहितं, कुणी शिरसाळा, दोन्ही चालतं. गावाला पोलीस ठाणं आहे. एसटी घटकाभर थांबते आणि तेलगाव-वडवणीची वाट धरते.

इथे पाहण्यासारखं काय, असं विचारणाऱ्याला बहुधा दुसऱ्याच गावांची नावं ऐकायला मिळतात. परळीचं वैजनाथाचं देऊळ, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. धर्मापुरीचं चालुक्यकालीन केदारेश्वर. अंबाजोगाईचा हत्तीखाना. सिरसाळ्याच्या वाट्याला असलं काही नाही म्हणून ते प्रवासाच्या पुस्तकात येत नाही. मला मात्र असं गाव वाचायला मातीच पुरते.

मराठी मुलखात गावाला दोन अंगं, काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरी वसते. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही. म्हणून वस्ती पांढरीवर. पांढरी पायाखाली तशी डोक्यावरही असे. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद: तुळया, त्यांवर कड्या, वर लाकूडकाड्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाआधी त्यावर नवी माती पसरायची, नाहीतर घर गळणार. ही माती आणायची कुठून? कितीतरी गावांत लोकांनी पांढऱ्या मातीची ओसाड गढीच खणून नेली. पाटील-देशमुखांच्या गढ्या शत्रूने पाडल्या त्याहून जास्त टोपल्यांनी झिजवल्या असाव्यात.

कागदोपत्री इतिहास निजामाचा. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान संपलं, 1956 मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. जुनी दप्तरं कपाटात पडून राहिली. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली आणि मराठवाड्यात पणजोबाचं नाव कोणत्या कागदावर आहे याची घरोघर चौकशी सुरू झाली. वाळवीने सोडलेल्या पानाला एवढा भाव पूर्वी कधी आला नव्हता.

सिरसाळ्याची आजची खूण मात्र वीटभट्टी. तिचं मूळ परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात आहे. 1971 मध्ये तिथे 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे 250 मेगावॅटचे आले. आपल्याकडचा दगडी कोळसा जळला की त्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राख होऊन उरतो. ती पाण्यात कालवून दादाहरी वडगावच्या तळ्यात सोडतात. 14 सप्टेंबर 1999 च्या केंद्राच्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत विटांच्या मातीत निदान 25 टक्के राख मिसळणं बंधनकारक केलं. सिरसाळा या अंतरात सहज बसतं. माती कमी लागते, आणि राखेत थोडा न जळलेला कोळसा राहिला असेल तर भट्टीचं जळणही वाचतं. चिखल मळायचा, साच्यात थापायचा, कच्च्या विटा उन्हात वाळवायच्या, मग रचून भट्टी लावायची. फार भाजून वाकडी झालेली ती खंगर. ती बांधकामाच्या पायात जाते.

टाकाऊ राखेला किंमत आली तशी ती उचलण्यावरून भांडणंही आली. 2025 च्या सुरुवातीला परळीच्या राखेचा विषय राज्यभर गाजला, त्यात सिरसाळ्याच्या भट्ट्यांचं नावही आलं. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली: रस्त्याकडेच्या घरांत ही राख रोज झाडावी लागते. उघड्या गाडीतून उडालेली राख वाळत घातलेल्या धुण्यावर बसते, कापसाच्या बोंडावर बसते. आणि शेतीसारखं थर्मलचंही सगळं आभाळावर. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते.

विटा थापायचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच, पाऊस उघडल्यापासून उन्हाळ्यापर्यंत. बीड जिल्हा ऊसतोड्यांचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम त्यांना आधीच उचल देतो, आणि ती फेडायला टोळी कारखान्यावर जाते. घरी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. गोपीनाथ मुंडे याच परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे. त्यांच्या राजकारणाचा पाया हे कोयते होते.

रेल्वेची वाट बघण्यात इथल्या दोन पिढ्या गेल्या. अहिल्यानगर-बीड-परळी हा मार्ग 261 किलोमीटरचा. 17 सप्टेंबर 2025 ला बीडपर्यंत गाडी आली. पुढचा परळीपर्यंतचा टप्पा याच बाजूने जायचा आहे.

तोवर रस्ता आहेच. दसरा उलटला की त्यावरून कोयते, भांडी, पाल आणि शेळीसकट लेकरं लादलेले ट्रॅक्टर निघतात. समोरून ताडपत्री फडफडवत राखेचा हायवा येतो. ट्रॅक्टरवरची बाई पदराने लेकराचं तोंड झाकते.