कॅलेंडरवाला चोर आणि पाचवा ऋतू

मित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो, बॅटमॅनचे नाव तुम्ही ऐकले असेलच. १९३९ साली अमेरिकेतल्या चित्रकथेत आलेला हा वीर वटवाघळासारखा वेष करून चोर पकडतो. त्याच्या शत्रूंत जोकरचे नाव फार मोठे. मला मात्र मागच्या बाकावर बसणारा एक खलनायक आवडतो. त्याचे नाव कॅलेंडर मॅन. मी त्याला कॅलेंडरवाला म्हणतो.

हा गडी प्रथम आला तो सप्टेंबर १९५८ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये. गोष्ट बिल फिंगर यांची. याची तऱ्हा अशी की चोरी करायची ती तारीख-वार-ऋतू बघून, आणि कपडेही तसेच घालायचे! त्याने आधीच कळवून टाकले की पाच दिवस रोज एक गुन्हा करीन, प्रत्येक गुन्हा एकेका ऋतूचा. आता तिकडे ऋतू मोजतात चारच : वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा. मग पाचवा कुठला? सगळे बुचकळ्यात पडले. उत्तर होते भारतातला पावसाळा! चोर निघाला ‘महाराजा’ नावाने रंगमंचावर खेळ करणारा जादूगार.

मला याचं हसू आलं. आपल्या पहिलीच्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. आपण बोलताना ऋतू तीन म्हणतो आणि पुस्तकात सहा. वर्षा ऋतू त्यात तिसरा येतो, पाचवा नव्हे. शिवाय शेतकऱ्याला विचाराल तर पहिला मान पावसाचाच. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो, पण पाऊस काही कॅलेंडर बघून येत नाही. पेरणी झाल्यावर त्याने ओढ दिली की बियाणे जळते आणि दुबार पेरणीला पैसे कुठून आणायचे, हा घोर घराघरात असतो. पंचांगात तर प्रत्येक नक्षत्राला वाहनही असते, बेडूक, म्हैस, हत्ती असे. कॅलेंडरवाल्याला हे ठाऊक असते तर त्याने म्हशीचा वेषही शिवून घेतला असता!

पुढे १९७९ च्या एका गोष्टीत त्याने आठवड्याचे वार धरले. इंग्रजी वारांची नावे देवांवरून आणि ग्रहांवरून आहेत. मंडे म्हणजे चंद्राचा वार, आपला सोमवारही चंद्राचाच. सॅटर्डे शनीचा, संडे सूर्याचा. थर्सडे हा थॉर नावाच्या मेघगर्जनेच्या देवाचा. बाईंनी हे फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला होता.

त्याचे खरे नाव ज्युलियन डे. रोमच्या ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ४५ मध्ये सुरू केलेले कॅलेंडर ते ज्युलियन, आणि डे म्हणजे दिवस.

एवढे असून तो मोठा खलनायक का झाला नाही? माझ्या मते, उद्या काय करणार ते जो आजच सांगतो त्याला पकडायला कितीसा वेळ लागणार? पण १९९६-९७ मधल्या ‘द लाँग हॅलोविन’ या चित्रकथेत त्याची खरी भीती वाटते. तिथे रंगीत झगा नाही. तो कोठडीत बसलेला असतो, खून कोण करतो त्याबद्दल अर्धवट बोलून बॅटमॅनला झुलवतो. डोके तुळतुळीत, आणि त्यावर गोलाकार बारा महिने गोंदलेले. जानेवारी-फेब्रुवारी हो, चैत्र-वैशाख नव्हेत.