हलकी सायकल, अवघड उतार

दोस्तांनो, खरं सांगा हं! सायकल हलकी व्हावी म्हणून तुमच्यापैकी किती जणांनी मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर काढून माळ्यावर टाकलंय? सायकल हलकी झाली, सुसाट पळायला लागली! मग एखादा शूरवीर पुढचा ब्रेकही काढून टाकतो. गडबड होते ती इथेच. काय काढायचं आणि काय नाही, हा प्रश्न डोंगरात सायकल चालवणाऱ्या पट्टीच्या खेळाडूंनाही पडतो बरं का!

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या मरिन परगण्यात डोंगरावरून उतरणारा एक कच्चा रस्ता आहे. जेमतेम सव्वातीन किलोमीटरांत तो सुमारे ४०० मीटर खाली येतो. १९७६ साली काही तरुणांनी तिथे शर्यत लावली. त्यांच्या सायकली म्हणजे जुनी, दणकट लोखंडी धुडं. बऱ्याचशा वीस किलोंच्या आसपास! ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. पेडल उलटं दाबलं की लागायचा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून नवं ग्रीस भरायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच पडलं 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा'!

एवढी उष्णता येते कुठून? हिशेब करून बघा. स्वार ६० किलो आणि सायकल २० किलो, मिळून झाले ८० किलो. ते ४०० मीटर खाली आले, की सुमारे तीन लाख चौदा हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते! थोडी हवेत आणि टायरच्या घर्षणात जाते, बाकी सगळी ब्रेकच्या माथी.

पुढे १९७७ साली त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास डोंगरासाठी सायकलची फ्रेम बनवली. १९९६ मध्ये डोंगरातली चढ-उताराची सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये पोचली. आज चढ-उताराच्या शर्यतीतल्या चांगल्या सायकली दहा किलोंच्या आसपास असतात.

वजन घटतं कसं? पोलादाऐवजी ॲल्युमिनियम, टायटॅनियम किंवा कार्बन फायबर वापरायचं. टायर पातळ, ब्रेकची चकती लहान. पण यातली प्रत्येक गोष्ट आपली किंमत वसूल करते. पातळ टायर टोकदार दगडाने कापला जातो. लहान चकती लवकर तापते आणि लांब उतारावर ब्रेकची पकड कमी होते. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते ना? ॲल्युमिनियमही असंच दर धक्क्याने थोडं थोडं थकत जातं. कार्बन वजनाच्या मानाने फार मजबूत. पण दगडावर आपटलं किंवा बोल्ट जास्त आवळला, तर आतल्या आत चीर पडते. वरून काहीच दिसत नाही. आणि ऐन उतारावर हँडल हातात आलं तर? विचारसुद्धा नको!

म्हणूनच नुसत्या उताराच्या शर्यतीत उतरणारे खेळाडू हलक्या सायकलीचा हट्ट धरत नाहीत. त्यांच्या सायकली पंधरा-सोळा किलोंच्या असतात. जाड टायर, मोठ्या चकत्या, भक्कम फ्रेम! कीथ बॉन्ट्रेगर या सायकल बनवणाऱ्याचं एक सांगणं प्रसिद्ध आहे : मजबूत, हलकं आणि स्वस्त, यांतलं कुठलंही दोन निवडा. तिन्ही एकदम मिळायचं नाही!

आता हलकेपणाने फायदा किती होतो, तेही पाहू. स्वार ६० किलो, सायकल १२ किलो, एकूण ७२. सायकलीचे दोन किलो कमी केले, तर ओझं छत्तिसाव्या हिश्श्याने घटलं. म्हणजे तासभराच्या खड्या चढावर वाचली जेमतेम पावणेदोन मिनिटं. शर्यतीत ही पावणेदोन मिनिटं सोन्याच्या मोलाची, कारण तेवढ्यात पदक हातचं जाऊ शकतं. पण तुम्हांआम्हांला? पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या कमी नेल्या तरी तेवढंच वजन वाचतं. अर्थात, डोंगरात पाणी कमी न्यायचं नाही!

तेव्हा वजन कमी करायचंच असेल, तर दप्तरातली नको ती वह्या-पुस्तकं काढा. कॅरिअर, स्टँड काढलात तरी हरकत नाही. पण ब्रेक, हँडल, टायर आणि डोक्यावरचं हेल्मेट यांत काटकसर नको म्हणजे नको!

येत्या रविवारी एक काम करा. सायकल हाताने ढकलत एकेक ब्रेक दाबून बघा. चाक जागच्या जागी थांबतंय ना? ब्रेकच्या रबराची झीज झाली आहे का, हँडल डुगडुगतंय का, तेही पाहा. काही शंका आली, तर आधी सायकलवाल्या काकांचं दुकान गाठा. चढ काय, धापा टाकत का होईना, चढता येतो. उतरताना मात्र आपली सगळी भिस्त सायकलीवर असते!